वीणा गळ्यात असताना

अंथुर्ण्याच्या सप्ताहात त्या दिवशी चार ते सहा वीणेचा पहारा मानसिंगरावांचा होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. ती ज्याच्या गळ्यात, त्यानं पुढचा माणूस येईपर्यंत उभं राहायचं, मुखानं नाम घ्यायचं आणि खोटं म्हणून बोलायचं नाही. वीस वर्षं मानसिंगराव हा नेम पाळत आले होते. आज सहा वाजून गेले तरी पुढच्या पहाऱ्याच्या गोकुळचा पत्ता नव्हता, आणि कोपरीच्या खिशातलं ते यंत्र तापायला लागलं होतं.

यंत्र दुपारी राजवर्धनच्या स्कूटीच्या डिकीत सापडलं होतं. जांभळं, बोटाएवढं, आंब्याच्या वासाची वाफ ओढायचं. पोरगा एकोणीस वर्षांचा, बारामतीला डिप्लोमाला. कीर्तनात महाराजांमागं चाल म्हणायला उभा राहिला की बापाचे डोळे भरून यायचे. यंदा मात्र वरच्या सुरात त्याचा दम तुटत होता. धुळीनं होतंय, असं तो महिनाभर सांगत होता आणि आई विजयमाला त्याला हळदीचं दूध पाजत होती. धूळ कुठली, ते मानसिंगरावांना डिकी उघडल्यावर कळलं. विहिरीत टाकायचं म्हणून यंत्र खिशात घातलं, तोवर पहाऱ्याची वेळ झाली.

त्यात आज कीर्तनाआधी व्यसनमुक्तीवर बोलायला फौजदार मॅडम आलेल्या. विडी-तंबाखूवरून त्या लगेच ई-सिगारेटवर आल्या. फळांच्या वासाला पोरं भुलतात, पण बहुतेकांत निकोटिनच असतं. कोवळ्या फुप्फुसाला आणि डोक्याला ते जड जातं. ती विकायला बंदी, बनवायला बंदी, साठवून ठेवायलाही बंदी.

'साठवून' ऐकताच मानसिंगरावांनी खिसा कोपरानं दाबला. घामानं भिजलेलं यंत्र तेवढ्यानं आपणहून सुरू झालं. कोपरीतून वाफेची बारीक रेघ निघाली.

"आंब्याची उदबत्ती कुणी लावली गं?" पुढं बसलेल्या भामाबाईंनी विचारलं.

मॅडमचं बोलणं थांबलं. त्या वासामागं सरळ वीणेपाशी आल्या आणि खिशातलं काढून द्यायला सांगितलं. मानसिंगरावांनी ते दोन बोटांत धरून पुढं केलं. वीणेमागं हळू चाललेले टाळही थांबले.

"कुणाचं हाय हे?"

समोर टाळकऱ्यांत राजवर्धन उभा. त्याचा रंग उडालेला. पोराचं नाव घेतलं तर भर मंडपात त्याची अब्रू जाते, आपलं घ्यावं तर वीणा गळ्यात.

"मॅडम, खोटं बोलता येत न्हाय," मानसिंगराव म्हणाले, "आन् खरं बोलवत न्हाय."

मॅडमही माळकऱ्याच्या घरातल्या असाव्यात. त्यांनी वीणेला हात जोडले आणि वीणा उतरेपर्यंत थांबते म्हणाल्या. दोघंचौघं रस्त्यावर जाऊन गोकुळची वाट बघून आले.

तेवढ्यात राजवर्धन पुढं आला. बापाच्या पाया पडला आणि वीणा आपल्या गळ्यात घालून घेतली. मानसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. पोरानं काय डोकं लढवलं! त्यांनी मनोमन पांडुरंगाची माफी मागितली आणि वीस वर्षांतलं पहिलं खोटं जिभेवर घेतलं.

"ते माझं..."

"माझं हाय," राजवर्धन म्हणाला.

"तू गप रं."

"कसा गप बसू, तात्या? आता वीणा माझ्या गळ्यात हाय."

भामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मॅडमनी मात्र वही काढली. कधीपासून, त्यांनी विचारलं. चार महिनं, हॉस्टेलवर. कुठून आणलं? राजवर्धननं एकदा वीणेकडं बघितलं आणि मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका दुकानाचा पत्ता गल्लीसकट सांगून टाकला. तिथून आणखी कोण कोण घेतं, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा टाळकऱ्यांतली तीन पोरं हळूच चपला शोधायला लागली.

नेमका तेव्हाच गोकुळ धापा टाकत आला. गाडी पंक्चर झाल्याचं सांगत त्यानं वीणा घ्यायला हात पुढं केले. मानसिंगरावांनी ते हात मधेच धरले.

"गोकुळ, आधी चहा पिऊन ये," ते म्हणाले. "सावकाश पी."