तोफेच्या नळीतून गॅसची चौकशी

बायकोला एकदा रणगाडा दाखवावा, एवढाच माझा विचार होता. (माझे विचार नेहमी एवढेसेच असतात. पुढचं आपोआप घडतं.) मी युद्धसंग्रहालयात कारकून आहे. मागच्या शेडमध्ये जुन्या लढाईतला एक रणगाडा दुरुस्त होतोय, आणि माझ्याकडे त्याचा पत्रव्यवहार. घरी मात्र मी "आम्ही रणगाडा दुरुस्त करतोय" असं सांगायचो. त्यातल्या 'आम्ही'चं 'मी' कधी झालं, ते मलाही कळलं नाही.

"घरातला नळ दुरुस्त होत नाही तुमच्याने, आणि म्हणे रणगाडा!" बायको म्हणाली.

झालं! दुसऱ्याच दिवशी मेकॅनिक जेवायला गेल्याचं बघून मी तिला शेडमध्ये नेलं.

"यात शिरतात तरी कसे?"

"असे!" म्हणत मी वर चढलो, आत उतरलो आणि ऐटीत झाकण ओढून घेतलं. ते धाडकन बसलं. उघडायला गेलो तर आतून मूठच नाही. ती वेल्डिंगसाठी काढली होती. (तसं पत्र मीच टाईप केलं होतं.)

मी बोंब मारली, पण त्या जाड पत्र्यातून आवाज कुठला बाहेर जातोय? तेवढ्यात दिसलं, तोफेचं मागचं तोंड सफाईसाठी उघडं ठेवलंय. मी त्याला तोंड लावलं.

"अगं, ऐकतेस का?"

बाहेर किंकाळी. मग नळीतून घुमत आलं, "अहो! तुम्ही तोफेत कसे गेलात?"

"तोफेत नाही, रणगाड्यातच आहे! झाकण अडकलंय. मेकॅनिकला बोलाव!"

"कुठे गेलाय तो?"

"जेवायला."

"तुम्ही जेवलात?"

"मी इथे मरतोय आणि तू जेवणाचं काय विचारतेस?"

"डबा घरी विसरलात म्हणून विचारलं. आणि निघताना गॅस बंद केलात ना?"

"हो."

"नक्की?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे... केला असावा."

"वा!" बाहेर तिसराच आवाज आला. त्या होत्या संग्रहालय समितीच्या अध्यक्षबाई. रणगाडा ठेवायचा की भंगारात काढायचा, हे ठरवायला त्या संध्याकाळी येणार होत्या. आल्या भरदुपारी, आमच्या साहेबांना घेऊन!

"किती जिवंत!" बाई गहिवरून म्हणाल्या. "आघाडीवरचा जवान, आणि त्याच्या कानात घुमणारा घरचा आवाज! या नटीचं काम तर किती सहज! साहेब, कल्पना कुणाची?"

साहेबांनी माझा आवाज नक्कीच ओळखला होता. तरी ते विनयाने म्हणाले, "माझीच."

पुढे मेकॅनिकने पाना लावून मला उपसून काढलं. रणगाडा भंगारातून वाचला. आता तोफेशेजारचं बटण दाबलं की तो संवाद ऐकू येतो. त्यात बायकोचा आवाज तिचाच आहे. माझ्या जागी मात्र बाहेरचा माणूस आणला. "राग मानू नका," साहेब म्हणाले, "पण ऐकणाऱ्याला तो जवान वाटायला हवा."

बायको हल्ली दर सुट्टीला संग्रहालयात येते आणि तेच बटण पुन्हापुन्हा दाबते. मी विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"छे!" ती म्हणाली. "पहिल्या हाकेला ओ देतो हो हा!"