खांद्याच्या तुकड्याची पसंती

रविवारी सकाळी डुकराच्या खांद्याचा एक तुकडा मला बघायला आला.

आमच्या गावात मांस असं कोणाच्याही घरी शिजत नाही. आधी येऊन शिजवणाऱ्याला बघतं, मग होकार देतं. मटण त्यातल्या त्यात समजूतदार. चारसिऊ करायचं म्हटलं की मात्र चौकशी कडक होते. मध आणि सोया सॉसमध्ये मुरवून लालसर भाजायचं हे चिनी पद्धतीचं मांस. त्यासाठी निवडलेला तुकडा स्वतःला फार सुसंस्कृत समजतो. मीही स्वतःला समजत होतो, त्या सकाळपर्यंत.

मला ते आमच्या सुनेसाठी करायचं होतं. मेई कलकत्त्याच्या चिनी घरातली. तिचे वडील दर वाढदिवसाला तिला चारसिऊ करून घालायचे. ते चैत्रात गेले. आज तिचा वाढदिवस, आणि तिनं कशाचीच इच्छा बोलून दाखवली नव्हती. मुलगा बोटीवर. म्हणजे जबाबदारी माझ्यावर आली. मी तर्कशास्त्रात दोनदा डॉक्टरेट घेतली आहे आणि कुकरची शिट्टी झाली की बाहेरच्या खोलीत जातो.

तुकडा स्टीलच्या ताटात, खुर्चीवर बसला. शेजारी मध्यस्थ म्हणून आंतोन खाटीक. माझ्या बायकोनं, सुलभानं, पोह्यांच्या बशा पुढे केल्या.

"पोहे ह्यांनीच केलेत हो," ती म्हणाली.

बघण्याच्या कार्यक्रमात हे वाक्य प्रत्येक घरात म्हटलं जातं आणि कोणी खरं मानत नाही. तुकड्यानं मानलं.

"छान. मोहरी तडतडल्यावर आपण आधी काय घालता?"

"त्याबाबत मतभेद आहेत," मी म्हणालो.

"कोणाकोणात?"

"माझ्यात."

आंतोननं कपाळाला हात लावला. "सर, नको तिथं कशाला खरं बोलता?"

"जरा चालून दाखवा," तुकडा म्हणाला. मी ओट्यापर्यंत जाऊन आलो. गुडघा वाजला, त्यानं तो ऐकला. मग, टांगून भाजायचं तर दोरा लागणार, म्हणून सुई ओवायला सांगितली. मी चष्मा वर केला, खाली केला, शेवटी काढला. सुई सुलभानं ओवली.

"बरं," तुकडा म्हणाला. "नंतर कळवतो."

याचा अर्थ लहान मुलालाही कळतो. आंतोन ताट उचलायला वाकला.

"हे कोणासाठी करतोय, ते तुम्ही विचारलंच नाही," मी म्हणालो, आणि मेईच्या वडिलांचं सगळं सांगितलं. आवाज कापत होता. तो व्याख्यान देतानाही कापायचा, त्यामुळे त्याला पुरावा मानता येत नाही.

तुकडा सौम्यपणे म्हणाला, "भावना सगळ्याच घरांत असतात. मसाल्याचं बोला. जिभेला झिणझिण्या आणणारे आमचे चिनी मिरे आहेत?"

"नाहीत."

"तिरफळं आहेत की!" सुलभा म्हणाली. "माझ्या माहेरची, मालवणची. आम्ही बांगड्यात घालतो." तिनं बरणी आणून ताटाजवळ उघडली.

तुकड्यानं बरणीचा वास घेतला. मग त्यानं विचारलं, "ह्यांचं घराणं कोणतं?"

"वनस्पतिशास्त्राप्रमाणे तुमच्या मिऱ्यांची चुलत भावंडं," मी म्हणालो. शिक्षण प्रथमच घरात उपयोगी पडत होतं, म्हणून मी घाबरून पुढे जोडलं, "असं वाचलंय. चूकही असेल."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं? हे तर नात्यातलेच निघाले!" तुकडा म्हणाला.

वातावरण एकदम सैल झालं. आंतोननं ताट खाली ठेवून पोहे मागून घेतले. पुढची बोलणी सुलभानंच केली. गोडा मसाला घालणार नाही, असं तिनं वचन दिलं. तुकड्यानं सर्वांचा निरोप घेतला आणि तो सॉसच्या भांड्यात उतरला. एकदा मुरवणात उतरल्यावर ते बोलत नाहीत. तशी रीत आहे.

मध शेवटी लावायचा असतो. काळजीपोटी मी तो आधीच लावला, आणि भाजताना एक कड काळी झाली. मी भट्टीच्या काचेतून माफी मागितली.

संध्याकाळी मेई रविवारची ड्यूटी संपवून ऑफिसातून आली. दारातच थांबली. वास घेत राहिली.

"आप्पा, ह्यानं तुम्हाला पसंत केलं?"

"तिरफळांमुळे. माझं त्यात फारसं काही नाही."

"माझ्या बाबांना पहिल्यांदा नकार आला होता. आई सांगायची, तीन दिवस कोणाशी बोलले नव्हते."

मला फार बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. मेईनं एक काप खाल्ला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत होतो, ते तिच्या लक्षात आलं.

"बाबांसारखं नाही झालंय," ती म्हणाली, आणि आणखी दोन काप घेतले. मग करपलेल्या कडेचा तुकडा वेगळा करून तिनं माझ्या ताटात ठेवला.

"हा कोणी खात नाही," मी म्हणालो.

"हा वडील खातात," मेई म्हणाली. "आमच्याकडे तसंच असतं."

तो चांगलाच कडू होता. मी आणखी एक मागितला.