आपोआप सुचलेली चाल

जगात चाली मोजक्या आहेत आणि संगीतकार अगणित, हे एकदा मान्य केले की उरलेले सगळे प्रश्न निव्वळ कार्यालयीन ठरतात. कोणाला आधी सुचले, कोणाला नंतर सुचले आणि कोणाला सुचलेच नाही पण मिळाले, एवढेच काय ते ठरवायचे असते. त्यासाठी चाल-साम्य तपासणी कार्यालय आहे. ते तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच जाते.

कार्यालयाचा मूळ नियम लहान मुलालाही समजेल इतका सोपा आहे. दोन गाण्यांत सलग सात स्वर जुळले तर ती चोरी. सहा जुळले तर प्रेरणा. हा नियम झाल्यापासून गाण्याच्या धंद्यात चोरी औषधालाही उरलेली नाही. प्रत्येक स्टुडिओत आता एक पगारी माणूस असतो आणि आणलेल्या चालीतला सातवा स्वर बदलणे एवढेच त्याचे काम. त्याला सगळीकडे सातवेराव म्हणतात. (चांगला सातवेराव हल्ली मिळत नाही. मिळतो तो आधीच्या सातवेरावाचीच युक्ती वापरतो, अशी तक्रार आहे.)

प्रेरणेखेरीज इतरही शेरे आहेत. जुने गाणे नव्या गायकाने जसेच्या तसे गायले, फक्त मागे ढोल वाढवले, तर 'नवी आवृत्ती'. मूळ कर्ता वारला असेल तर 'आदरांजली'. तो जिवंत असून त्याला कळले असेल तर 'योगायोग'. परमुलखातून उचलले असेल तर 'जागतिक भान'. गेल्या एकतीस वर्षांत अकरा हजार चारशे सहा अर्ज निकाली निघाले. त्यांत 'चोरी' हा शेरा एकदाच पडला, आणि तोही ज्याने फॉर्ममध्ये चुकून खरे लिहिले त्या माणसावर.

या साऱ्या न्यायदानाचा भार एका माणसाच्या दोन कानांवर होता. ते मुख्य तपासनीस. कार्यालयात, स्टुडिओंत आणि बायको चिडलेली असेल तेव्हा घरातही त्यांना कानसाहेब म्हणत. एकदा ऐकलेली चाल ते विसरत नसत, असा त्यांचा लौकिक होता आणि त्यांचाही त्यावर विश्वास होता. निवृत्तीला दोन महिने उरले होते. शिक्के मारताना ते गुणगुणत. शिक्का आणि समेचा असा काही मेळ बसे, की बाहेरच्या बाकावर पाळीची वाट पाहणाऱ्या संगीतकारांच्या माना नकळत डोलायला लागत.

कानसाहेबांना तरुणपणी स्वतःच संगीतकार व्हायचे होते. झाले नाहीत. पण जन्मात एक चाल त्यांनी केली होती, आणि ती कोणालाही दाखवली नव्हती. मुलगी आठ महिन्यांची असताना, दात येत होते म्हणून ती रडून घर डोक्यावर घेत होती, तेव्हा एका रविवारी दुपारी ती चाल त्यांच्या तोंडून बाहेर पडली आणि पोर झोपली. पुढे तीन वर्षे ती त्याच चालीवर झोपली. दिवसभर दुसऱ्यांच्या चालींचे पंचनामे करणाऱ्या या माणसाला घरी येताना जिन्यात वाटे, आपल्याकडेही एक आहे. तेवढ्यावर त्यांनी एकतीस वर्षांची नोकरी काढली, असे म्हटले तरी चालेल.

आणि मग ते गाणे आले.

महिनाभर ते सगळीकडे वाजत होते. (कानसाहेब कचेरीबाहेर कानांत कापूस घालत, पूर्वग्रह नको म्हणून.) दुकानांत, दवाखान्यांत, ट्रक मागे घेताना. त्यावर दोन संगीतकारांनी हक्क सांगितला. एक काळ्या चष्म्याचे, ज्यांच्या नावाने ते गाणे निघाले होते. दुसरे मफलरवाले, ज्यांचे म्हणणे होते की हे आपल्याच मनातून काढून नेले आहे. दोघे कचेरीत आले, एकमेकांना अत्यंत आदराने शिव्या दिल्या आणि आपापली प्रतिज्ञापत्रे ठेवून गेले.

प्रतिज्ञापत्रांत मात्र विलक्षण एकमत होते. चष्मेवाल्यांनी लिहिले होते, "सदर चाल मला आपल्याच कार्यालयाच्या बाकावर, सकाळी अकराच्या सुमारास, आपोआप सुचली." मफलरवाल्यांनी लिहिले होते, "सदर चाल मला आपल्याच कार्यालयाच्या बाकावर, साडेअकराच्या सुमारास, आपोआप सुचली. बाक फार शांत जागी आहे."

कानसाहेबांनी तबकडी लावली. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात शिक्क्यावरून खाली आला. एवढ्यात फोन वाजला.

"बाबा, रेडिओ लावा! तुमची चाल लागलीय!" दुसऱ्या गावी नोकरी करणारी मुलगी ओरडत होती. "माझ्या झोपेची! कोणी दिली यांना?"

"मीच," कानसाहेब म्हणाले. "शिक्के मारताना."

"मग सांगा ना सगळ्यांना! आयुष्यभर दुसऱ्यांना न्याय देत बसलात, एकदा तरी स्वतःसाठी अर्ज करा की!"

ते वाक्य त्यांना लागले. इतकी वर्षे टेबलाच्या अलीकडे बसलेला हा माणूस त्या दिवशी उठला, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीवर बसला आणि त्याने स्वतःकडून एक फॉर्म मागून घेतला. हे वयाला शोभत नाही असेही वाटत होते, आणि आनंदही असा झाला होता की नाव त्यांनी दोनदा लिहिले.

रकाना नववा: चाल कशी सुचली? अकरा हजार चारशे सहा अर्जदारांपैकी अकरा हजार तीनशे नव्वद जणांनी या रकान्यात एकच शब्द लिहिला होता आणि कानसाहेब तो वाचून दर वेळी मिशीत हसले होते. आता त्यांनी खाली लिहिले, 'आपोआप'. आणि ते हसले नाहीत, कारण त्यांच्या बाबतीत ते खरे होते.

राहिली पूर्वनोंद तपासणी. अशी चाल आधी कोणी दाखल केली आहे का, ते जुन्या फायलींत पाहायचे असते. ती तपासणारे तेच असल्यामुळे त्यांना ती टाळता आली असती. पण माणूस सचोटीचा. (सचोटीने या कार्यालयाचे जितके नुकसान झाले आहे तितके वाळवीनेही नाही.) ते कपाटाशी गेले, चोवीस वर्षांपूर्वीचे गठ्ठे काढले आणि तिसऱ्या दिवशी, एका पिवळ्या पडलेल्या कागदावर, त्यांना आपली चाल सापडली. स्वरलेखन त्यांच्याच हातचे होते. तारीख शुक्रवारची होती. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारची.

अर्जदार, शिवणकाम करणाऱ्या एक बाई. तक्रार अशी, की कोटाचे माप द्यायला आलेल्या एका संगीतकाराने आपण मशीनवर गुणगुणत असलेल्या चालीचा मुखडा उचलला. कानसाहेबांना सगळे आठवले. सलग सहा स्वर जुळले होते, म्हणून त्यांनी 'प्रेरणा' असा निकाल दिला होता. आणि निकालापूर्वी नियम अकराप्रमाणे बाईंकडून चाल सात वेळा म्हणवून घेतली होती. दोनदा शब्दांसह, दोनदा शब्दांविना, दोनदा टेबलावर ताल धरून आणि एकदा तपासनीस खिडकीबाहेर पाहत असताना, पक्षपात टळावा म्हणून. सात वेळा ऐकल्यावर ती दगडाच्याही तोंडात बसली असती. कानसाहेबांच्या बसली, आणि शनिवारचा एक दिवस मध्ये गेल्यामुळे रविवारी ती त्यांचीच झाली.

कागदाच्या तळाशी, त्यांच्याच वळणदार अक्षरात, शेरा होता: 'साधी चाल. स्मरणात राहण्यासारखी नाही.'

मग टेबलाच्या अलीकडे येऊन त्यांनी स्वतःचा अर्ज फाडला आणि बाईंना पत्र पाठवले.

बाई आल्या. साठी उलटलेली, चष्म्याला दोरा बांधलेला. लिफ्टनंतरचा जिना चढल्यामुळे बाकावर जरा टेकल्या आणि मग आत आल्या. कानसाहेबांनी गाणे लावले. ऐकता ऐकता बाईंचा उजवा पाय खुर्चीखाली, पायमशीन चालवावी तसा हलायला लागला. गाणे संपले तसा थांबला.

"माझीच आहे," बाई म्हणाल्या. "पण साहेब, मी ती गुणगुणणं केव्हाच सोडलं. तुम्ही निकाल दिलात ना, त्यानंतर."

"का हो?"

"म्हटलं, उद्या त्या कोटवाल्याचंच गाणं गातेय म्हणून मलाच पकडायचे. फॉर्म परत कोण भरणार?"

कानसाहेब एका दमात म्हणाले, "बाई, तुमची चाल या गाणेवाल्यांनी माझ्याकडून उचलली. आणि मी तुमच्याकडून. मला ती माझी वाटत होती. चोवीस वर्षं. मला फार लाज वाटतेय."

बाईंनी गाण्याचा शेवट टेबलावर बोटाने पुन्हा धरून पाहिला. रागावल्या असत्या तर बरे, असे कानसाहेबांना वाटले.

"शेवट मात्र माझा नाही," त्या म्हणाल्या. "माझी चाल संपायचीच नाही, दोरा संपेपर्यंत फिरतच राहायची. हा हळूहळू खाली आणलेला शेवट कोणाचा?"

"मुलगी झोपायची तिथं. म्हणून आवाज खाली आणत गेलो."

"तेवढा तुमचा, मग," बाई म्हणाल्या. "चांगला बसलाय."

तेवढा शेवट बाजूला ठेवून, बाकी चाल बाईंची आहे, चष्मेवाल्यांची नाही, मफलरवाल्यांची नाही आणि तपासनिसांचीही नाही, असा सविस्तर निकाल कानसाहेबांनी लिहिला आणि वर पाठवला. एकतीस वर्षांत त्यांनी इतक्या मनापासून काही लिहिले नव्हते. चौथ्या दिवशी तो तीन हरकतींसह परत आला. एक, बाईंचा अर्ज चोवीस वर्षांपूर्वीच निकाली निघाला असून निकाली प्रकरण उघडता येत नाही. दोन, तो निकाल खात्यातल्या सर्वोत्तम कानांनी दिलेला असल्याने त्याबद्दल शंका घेणे सदर कानांचा अवमान ठरेल. तीन, जी चाल बाई, तपासनीस, दोन संगीतकार आणि एक तान्हे मूल यांना ठाऊक आहे, ती व्याख्येनुसार लोकांची होय. सबब चालीची नोंद 'परंपरागत, कर्ता अज्ञात' अशी करण्यात यावी.

ही नोंद झाली तेव्हा अज्ञात कर्ता बाहेर बाकावर बसून निकालाची वाट पाहत होता. त्याला 'परंपरा' म्हणून सही करायला सांगण्यात आले. बाईंनी चष्मा सावरला, सही केली आणि विचारले, "आता मी गुणगुणली तर चालेल का?" कारकुनाने नियम पाहून सांगितले, की परंपरेवर सर्वांचा हक्क आहे, पण आधी परवानगी लागेल.

दोन्ही संगीतकार आनंदाने घरी गेले. चष्मेवाल्यांनी 'मूळ' आवृत्ती काढली, मफलरवाल्यांनी 'अस्सल'. परंपरेचा मान राखावा म्हणून कार्यालयाने ती चाल आपल्या फोनवर घातली. आता कोणी चाल चोरीला गेल्याची तक्रार करायला फोन केला, की कारकून येईपर्यंत त्याला तीच ऐकू येते. (सरासरी सतरा मिनिटे. नियम अकराच्या सात वेळा तिथेच भरतात.)

कानसाहेबांनी मुलीला फोन करून सांगितले, "ती माझी नव्हती गं." "शेवट माझा आहे," त्यांनी घाईने जोडले. "थोडासा." मग ते निवृत्त झाले. निवृत्तीपर्यंतचे उरलेले शिक्के त्यांनी तोंड मिटून मारले होते आणि त्या दिवसांत बाकावर कोणालाही काही सुचले नाही, अशी तक्रार दोन स्टुडिओंनी लेखी केली.

काही वाचक म्हणतील, एवढे रामायण सांगितले, पण चाल कशी होती ते सांगितले नाही. ते मुद्दामच. तरी गेल्या दोन पानांपासून तुमच्या डोक्यात काहीतरी गुणगुणते आहे, आणि ते तुम्हाला आपोआप सुचले आहे, याबद्दल कार्यालयाला तिळमात्र शंका नाही. रकाना नऊमध्ये तसे खुशाल लिहा. फक्त रकाना दहा कोरा ठेवू नका. तो नुकताच वाढवण्यात आला आहे: ते सुचण्याच्या आधीच्या शुक्रवारी तुम्ही कोणाचे ऐकून घेतले होते, आणि 'स्मरणात राहण्यासारखे नाही' असे म्हणून त्याला घरी पाठवले होते?