एका सभासदत्वात तीन घरं

तुम्हाला सांगते, डोकं असावं तर माझ्यासारखं! ही फुशारकी नाही बरं का. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला तेव्हा परीक्षकांनीच माईकवर सांगितलं होतं, "ही मुलगी कुणालाही काहीही पटवून देऊ शकते." त्या दिवसापासून मी सेनगावच्या रस्त्यानं चालायची ती स्टेजवर चढल्यासारखीच!

तर झालं असं. २००२ साल, मी दहावीत. हिंगोली जिल्हा होऊन तीन वर्षं झाली आणि तिथं एक इंटरनेटचं दुकान निघालं. माझे बाबा म्हणजे अमृतराव. ते मालकाची काळी-पिवळी जीप सेनगाव-हिंगोली चालवतात. एका शनिवारी त्यांच्यासोबत गेले आणि घुसले त्या दुकानात. एकेक पान उघडायला इतका वेळ, की तेवढ्यात म्हैस व्याली असती! पण शेवटी 'घरबसल्या ग्राहक मंडळ' नावाची कंपनी सापडली. वर्षाची फी भरून सभासद व्हायचं, की कुकर, मिक्सर, पंखा, सगळं जवळजवळ निम्म्या किमतीत दारात! फी तीनशे रुपये. आणि खाली बारीक अक्षरात: एका कुटुंबाला एकच सभासदत्व.

ते बारीक अक्षर वाचलं आणि माझ्या डोक्यात बल्ब पेटला.

आमची तीन घरं एका ओळीत, भिंतीला भिंत. मधलं आमचं. डावीकडे नेमसिंगकाका आणि रूपामावशी. ते दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, आणि उरलेलं वर्ष मावशी गळक्या पत्र्याखाली भांडी मांडून घरकुलाची वाट बघते. "सरकारच्या यादीत नाव लागू दे, पक्कं घर झालं की पहिल्यांदा त्यात कुकर ठेवीन," हे ती दिवसातून एकदा म्हणणारच. उजवीकडे पद्माकाकू. तिचा नवरा औरंगाबादला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहे.

मी तिन्ही घरांची सभा घेतली.

"तीन घरांनी तीन वेळा फी काहून भरायची? आपण कागदोपत्री एक कुटुंब होऊ! फी एकदाच. वस्तू तिघांच्या!"

"पण साक्षे, आपण एक कुटुंब न्हाई ना," आई म्हणाली.

"कंपनी काय पुण्याहून बघायला येणार आहे?"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते आजही झोपेत ऐकू येतं.

एकच अडचण होती. रूपामावशीच्या शेळीनं पद्माकाकूच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्या होत्या, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण कुकरपुढं कुरडई काय चीज आहे! दोघींनी माझ्यामार्फत होकार दिला. आम्ही तिन्ही घरांची माणसं बाबांच्या नावाखाली एकाच फॉर्मवर लिहून फी भरली, पंखा आमच्यासाठी, मिक्सर पद्माकाकूसाठी आणि कुकर रूपामावशीसाठी मागवला. पंधरा दिवसांत पोस्टमननं कुकर आणला! बाकीच्या वस्तू येईपर्यंत तो तिन्ही घरांत फिरवायचा ठरलं. सगळी गल्ली शिट्टी ऐकायला उभी. मला तर वाटलं ती शिट्टी माझ्यासाठीच वाजतेय!

मग कंपनीचं कार्ड आलं. 'आपले कुटुंब मोठे असल्याने आमचे प्रतिनिधी प्रत्यक्ष भेट देतील. खात्री झाल्यावर उर्वरित वस्तू मिळतील. माहिती खोटी आढळल्यास सभासदत्व रद्द.'

"बघायला येऊन राहिलेत ना आता पुण्याहून?" आईनं कमरेवर हात ठेवून विचारलं.

मी घाबरले का? छे! मी तालीम सुरू केली. बाबा थोरले भाऊ, नेमसिंगकाका मधले, पद्माकाकूचा नवरा धाकटा. तिघी जावा. चूल एक. "आणि गिऱ्हाईक भारदस्त दिसलं पाहिजे! काहीही विचारलं तर 'आहे' म्हणायचं. भिकाऱ्याला कुणी पंखा पाठवत नसतं."

चौथ्या दिवशी लुनावरून एक गृहस्थ आले. काखेत फाइल, खिशाला पेन, कपाळावर घाम.

"अमृतरावांचं घर हेच का? कुटुंबाची माहिती घ्यायची होती."

आले! मी मागच्या दारातून दोन्हीकडे इशारा केला. दोन मिनिटांत सगळं कुटुंब ओसरीवर हजर. पद्माकाकू तर लग्नातला शालू नेसून आली.

"कुटुंबात माणसं किती?"

"अकरा!" मी म्हणाले. "एकत्र कुटुंब आहे आमचं, सर."

"चूल?"

"एकच!" सगळे एका सुरात. शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा इतका एक सूर लागत नाही.

त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग नेमसिंगकाकांकडे. "भाऊ-भाऊ? एक अमृतराव आणि एक नेमसिंग?"

काका गडबडले. मी पुढं सरसावले. "आजोबांना दोन्ही नावं आवडायची!"

त्यांनी ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

"दिवसातून किती वेळा जेवता?"

हा प्रश्न मला जरा विचित्र वाटला. मग लक्षात आलं, कुकर किती वापरला जातो ते बघत असतील! "चार वेळा," मी म्हणाले. "सणाला पाच."

"अंगावरचे कपडे? प्रत्येकी किती?"

आता साड्याही विकायच्या असतील. "मोजले न्हाईत कधी," पद्माकाकू शालूचा पदर सावरत म्हणाली. "पेटीत मावंनात!"

"संडास?"

मी चमकले. कंपनी संडासही पाठवते की काय? पोस्टानं? आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. "आहे," आई भीतभीत म्हणाली. "म्हंजे... दोन हायेत."

"कामासाठी बाहेरगावी जाता का कुणी?"

"कामासाठी? न्हाई हो साहेब!" नेमसिंगकाका छाती काढून बोलले. "आमी सहा म्हैने फिरायला जातो. कोल्हापूर, सांगली, कर्नाटक. हवा चांगली असते तिकडं."

"आणि धाकटे भाऊ?"

"ते औरंगाबादला कंपनीत हायेत," पद्माकाकू म्हणाली. "त्यांच्याबिगर गेटच उघडत न्हाई."

त्यांचं पेन थबकलं. मग त्यांची नजर दारातल्या जीपवर गेली. इंजिनचा पट्टा तुटला म्हणून ती त्या दिवशी घरीच उभी होती. "ही गाडी?"

"आहे की!" मी म्हणाले. बाबांना ठसका लागला.

आणि नेमकी तेव्हाच ती शेळी आली! सरळ पद्माकाकूच्या शालूचा पदर तोंडात धरला.

"बघा! आधी कुरडया, आता शालू! मालकिणीचीच वळणं!"

"ए, माझ्या वळणावर जाऊ नको! झाकून ठेवायला हात न्हाईत का तुला?"

"तू शेळी बांध आधी!"

"तू तोंड बांध!"

संपलं! पण साहेब मान डोलावत लिहीत होते. "बराबर. जावाच आहेत. परक्या बाया इतकं मनापासून भांडत नाहीत."

वा! मला शेळीचा मुका घ्यावासा वाटला.

बाबांची सही झाली. साहेबांनी फाइल मिटली आणि उठून हात जोडले. "अभिनंदन! इतकं सुखी कुटुंब अख्ख्या पाहणीत दिसलं नाही. तुमचं नाव काही यादीत बसत नाही."

"कसल्या यादीत?" बाबांनी विचारलं.

"दारिद्र्यरेषेच्या. मी पाहणीवर नेमलेला शिक्षक आहे. ज्यांची नावं बसतील त्यांना धान्य, घरकुल..."

शेळी तेवढी निवांत शालू चावत होती. रूपामावशी मटकन खाली बसली. "म्हंजे माझं घर?"

मग सगळे एकदम बोलू लागले. तीन घरं! तीन चुली! जीप मालकाची! फिरायला नाही, ऊस तोडायला! संडास एकही नाही! मास्तरांनी कानावर हात ठेवले.

"आत्ता सांगितलं ते खोटं आणि आता सांगता ते खरं? वर्गात हेच ऐकतो मी रोज! सही झालीय. एक-दोन दिवसांत मोठे साहेब फेरतपासणीला येतील, त्यांना सांगा. आणि वेगळं राहता याचा काहीतरी लेखी पुरावा ठेवा." आणि लुना फटफटत निघून गेली.

त्या संध्याकाळी रूपामावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पत्र्याखालची भांडी सरकवत बसली. पाऊस नसताना! पण पद्माकाकू तिच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "रडू नको गं. मोठ्या साहेबापुढं असं दळिद्र दाखवू, की बघत राहील."

झालं, दुसरी तालीम! या खेपेला सगळं उलट. काहीही विचारलं तर 'नाही' म्हणायचं. जीप शाळेमागं लावली. पद्माकाकूनं पोतेऱ्याची साडी काढली. नेमसिंगकाकांनी सदरा आणखी थोडा फाडला. आईनं ओसरीवर विटांच्या तीन चुली मांडल्या, आंधळ्यालासुद्धा मोजता याव्यात अशा!

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब आले. गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट, भाड्याची रिक्षा बाहेर थांबलेली. मोठे साहेब, शंकाच नाही!

"नमस्कार! अमृतरावांचं मोठं एकत्र कुटुंब ते हेच ना?" ते हसून म्हणाले.

"न्हाई साहेब!" बाबांनी हात जोडले. "कोण म्हणतं एकत्र? तीन घरं. तीन चुली. आमचा एकमेकांशी काडीचा संबंध न्हाई!"

साहेबांचं हसू अर्धंच राहिलं. "पण कागदावर तर..."

"कागद खोटा हाय," नेमसिंगकाका म्हणाले. "या बाईला तर मी वळखत बी न्हाई." ही बाई म्हणजे माझी आई, आणि काका तिनंच दिलेला चहा पीत होते.

"घरात काही वस्तू?"

"काही न्हाई!"

"काहीच नाही? निदान कुकर तरी?"

"कुकर?" पद्माकाकूनं डोळ्याला पदर लावला. "तो कसा असतो जी?"

तेवढ्यात रूपामावशीच्या घरातून शिट्टी वाजली. लांब, ठसठशीत, तुरीच्या डाळीच्या वासासकट! लपवायचा ठरलेला कुकर डाळीसकट चुलीवरच राहिला होता!

"ही कसली शिट्टी?"

"रेल्वे," नेमसिंगकाका म्हणाले.

"सेनगावात रेल्वे कधी आली?"

पटवून देण्यात माझा पहिला नंबर ना? मग मीच उठले. "सर, माझ्याकडे बघा. मी खरं सांगते. आम्ही तीन वेगवेगळी, अत्यंत गरीब कुटुंबं आहोत. एक कुटुंब म्हणून दिलेली माहिती साफ खोटी होती. ती मी दिली होती. शिक्षा मला करा, पण रूपामावशीचं घर जाऊ देऊ नका!"

इतकं कळवळून मी स्पर्धेतही बोलले नव्हते. साहेबांना पटलं. पूर्ण पटलं! त्यांनी खिशातून ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं.

घरबसल्या ग्राहक मंडळ, पुणे.

"रिक्षात पंखा आणि मिक्सर आहे," ते म्हणाले. "म्हटलं, खात्री करून हातोहात देऊनच जावं."

काय सांगू तुम्हाला! सरकारच्या लेखी आम्ही एक जीपवालं श्रीमंत कुटुंब, कंपनीच्या लेखी तीन कंगाल कुटुंबं, आणि आमच्या लेखी आम्ही कोण, हे आता आम्हालाच सांगता येईना! पंखा डोळ्यांदेखत परत निघाला होता. पण अचानक मला मास्तरांचं बोलणं आठवलं.

"सर! सभासदत्व रद्द करताय ना? मग कारणासकट लिहून द्या!"

अशी मागणी त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली असावी. त्यांनी रागारागानं कंपनीच्या कागदावर लिहिलं: 'हे एक कुटुंब नसून तीन स्वतंत्र व अत्यंत गरीब कुटुंबे असल्याची मी स्वतः खात्री केली आहे. सभासदत्व रद्द.' खाली सही, शिक्का!

संध्याकाळी खरे मोठे साहेब आलेच नाहीत. मास्तरच परत आले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, तिन्ही घरांत डोकावले, गळका पत्रा वाकून पाहिला.

"पुण्याची कंपनी लिहून देते म्हणजे खरंच असणार," ते म्हणाले. "चुली तीन?"

"तीन!"

त्यांनी जुनी माहिती खोडली, तीन वेगळी पानं भरली आणि नेमसिंगकाकांची आणि पद्माकाकूची सही वेगळी घेतली. रूपामावशीनं मला जवळ ओढून माझी दृष्ट काढली आणि कडाकडा बोटं मोडली. मी पुन्हा स्टेजवर चढल्यासारखी चालत मास्तरांना लुनापर्यंत पोचवायला गेले. तीनशे रुपयांत सरकारी काम! आहे का तालुक्यात कुणाचं असं डोकं?

मास्तरांनी पेडल मारून लुना सुरू केली आणि मागून पद्माकाकूची हाक आली. दोन दिवसांपूर्वी जिच्याशी बोलत नव्हती तिलाच, मायेनं, गल्लीभर ऐकू जाईल अशी!

"रूपे, डाळ झाली का गं सगळ्यांची? मला तू आज घरात चूल पेटवू दिली न्हाईस, आता कुकर घेऊन ओसरीवर ये. ताटं वाढलीत अकराच्या अकरा!"

मास्तरांनी लुना बंद केली. स्टँडवर लावली. आणि खिशातलं पेन काढलं.