ज्ञानेशची पुरवणी, आहे तशी

बाळूला त्या वर्षभरात ज्या ज्या गोष्टींचा राग आला, त्यांची यादी करण्यापेक्षा राग न आलेल्या गोष्टी लिहिणं सोपं. (एकच होती, कंपनीच्या कँटीनची इडली. पुढे तीही बिघडली.)

मोठा भाऊ ज्ञानेश चार दिवसांच्या डेंगीने गेला. वय एकतीस. आता डेंगीवर रागवायचं म्हणजे डासावर रागवायचं, आणि नेमका कोणता डास हे कळायला मार्ग नाही. म्हणून बाळूने सरसकट मोहीम उघडली. जेवताना, बोलताना, चाकणला शिफ्टला जाताना बसमध्ये तो अचानक टाळी वाजवायचा. शेजारचे आधी दचकायचे, मग सरकून बसायचे. बसायला ऐसपैस जागा मिळायची, तर त्याचाही त्याला राग यायचा.

घरात आणखी वाईट. ज्ञानेशचं नाव कोणी घेत नव्हतं. आई 'तो' म्हणायची, नातेवाईक 'गेलेला' म्हणायचे. वडील तात्याबा वर्षभर 'व्हय' आणि 'न्हाई' या दोन शब्दांवर दिवस काढत होते. बाळूला वाटायचं, एकदा तरी कोणीतरी नाव घ्यावं मोठ्याने. मग मनसोक्त भांडता येईल.

वर्षश्राद्ध दहा दिवसांवर आलं. मोशीकडची पद्धत अशी की कीर्तन ठेवायचं, शाकभाजी, पुरी, बुंदीचं जेवण घालायचं आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातात गेलेल्याचा फोटो असलेली अभंगांची पुस्तिका द्यायची. लोक ती टीव्हीवर ठेवतात. टीव्ही भिंतीवर गेल्यापासून कुठे ठेवतात, कळत नाही. तेवढ्यात तनुजाचा फोन आला. ही ज्ञानेशची मैत्रीण, हिंजवडीत नोकरीला.

"बाळू, अभंग सगळेच छापतात. आपण ज्ञानेशची पुरवणी छापू या का?"

पुरवणी म्हणजे काय हे बाळूला पक्कं माहीत होतं. दहावीला पहिल्या बाकावरच्या पोरी हात वर करून मागायच्या ती. मूळ उत्तरपत्रिका भरली की मागायची आणि दोऱ्याने बांधायची. बाळूवर ती वेळ कधी आली नाही, कारण मूळ उत्तरपत्रिकेतच त्याची बारा पानं कोरी उरायची.

"दादाने परीक्षा दिली होती? मला कोणीच सांगितलं नाही. निकाल काय लागला?"

"खेळाची पुरवणी रे. आपल्या रविवारच्या."

मग त्याला आठवलं. दर रविवारी दुपारी ज्ञानेश, तनुजा, अफताब आणि आणखी दोघं वरच्या खोलीत टेबलाभोवती बसायचे आणि गोष्टीतला खेळ खेळायचे. ज्ञानेश गोष्ट सांगायचा, बाकीचे 'मी दार उघडतो' म्हणायचे, मग वीस बाजूंचा फासा टाकून दार उघडलं का ते बघायचे. दार कुठेच नसायचं. एकदा बाळू चहा घेऊन गेला, तर खोलीचं खरं दार बंद होतं आणि कोणी उठून उघडेना, कारण आत राक्षसाचं दार उघडायचं राहिलं होतं. चहा गार झाला. (तो राग आधीचा. या यादीत धरलेला नाही.)

दुसऱ्या दिवशी तनुजा आणि अफताब घरी आले. अफताबचं चाकणला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. ज्ञानेशच्या बायकोने, अनितावहिनीने, त्याचा लॅपटॉप आणि एक जाड वही टेबलावर ठेवली, आणि चहा टाकायला आत गेली.

"खेळाच्या नियमांचं मूळ पुस्तक वेगळं असतं," तनुजाने समजावलं. "पुरवणी म्हणजे वरची भर. नवं गाव, तिथली माणसं, भुतं. ज्ञानेशच्या दोन आहेत. लॅपटॉपमध्ये आहे ती सगळ्या मुलखाची, देहूपासून खेडपर्यंत साठ ठिकाणं. आणि वहीत फक्त एका घराची. छापायची एकच."

"मोठीच छापायची, विचारतेस काय," अफताब म्हणाला. "साठ ठिकाणं म्हणजे कोणीही कुठूनही खेळेल. खेळणारे त्या एका घरात गेलेच नाहीत, दारातून वळून आळंदीला निघाले, की तुझी वही बंद. मी दुकानात एकाच गाडीचे पार्ट ठेवले तर दिवसभर माशा मारीन."

"माशा नको, डास मार," बाळू म्हणाला.

"साठ ठिकाणं आणि प्रत्येकी दोन ओळी," तनुजा म्हणाली. "ऐक. 'भोसरी. इथे गर्दी असते. एक राक्षस राहतो.' संपली भोसरी. खेळताना कोणी विचारलं, राक्षस जेवतो काय, रुसतो कोणावर, तर पुस्तक गप्प. वहीत राक्षसाच्या चपला कुठे काढलेल्या असतात तेसुद्धा आहे. एक घर वीस रविवार पुरतं."

"तुला पुरतं. बाकी दुनियेला काय? एवढंसं घर, कोणाच्या काय कामाचं?"

झालं. अफताब बोलत होता वहीतल्या घराबद्दल, बाळूने ऐकलं स्वतःच्या मोशीतल्या घराबद्दल.

"अफताबभाई," तो उठून उभा राहिला, "मी सहा वर्षं फिटर आहे. स्क्रू पाना कमीजास्त करता येतो, सगळ्या नटांना बसतो. बसतो आणि सगळ्यांचे कोपरे खातो. सोळा-सतराचा पाना सोळाला आणि सतरालाच बसतो, पण बसला की नट सुटतोच. दादाचं छोटंच छापायचं."

तनुजा बघतच राहिली. इतक्या वर्षांत हा वाद इतका नीट कोणी मांडला नव्हता. बाळूलाही स्वतःचं कौतुक वाटलं. माणसाने तिथेच थांबावं. बाळू थांबला नाही.

"आहे तसं छापायचं. दादाच्याच अक्षरात. एक काना-मात्रा बदलायची नाही."

"अरे, आधी वाच तरी. काही नावं बदलावी लागतील."

"माझ्या भावाने लिहिलंय आणि नावं तू बदलणार?"

"भावजी, वाचून घ्या एकदा," वहिनी चहाचे कप ठेवत म्हणाली आणि का कोण जाणे, घाईने तोंड फिरवून आत गेली.

बाळूने वाचलं नाही. म्हणजे वाचायला बसला होता. पहिलंच पान उघडलं, तर 'ळ' दिसला. ज्ञानेश ळ असा काढायचा की जणू दोन वाटाणे एकमेकांना टेकून बसलेत. बाळूला 'बाळू' लिहायला त्यानेच शिकवलं होतं, पाटीवर, त्याच ळने. त्याने वही मिटली, एका डासाला टाळी मारली आणि तडक भोसरीच्या छापखान्यात गेला.

छापखानेवाल्याने पानांचे फोटो काढले. वर्षश्राद्धाचं मुखपृष्ठ त्याच्याकडे तयारच असायचं. समई, कमळ आणि मध्ये गोलात फोटो. दोनशे प्रती.

श्राद्धाच्या दिवशी दारापुढे मांडव उभा राहिला. भावकी आली, दिघीहून पुतळाबाई आत्या आली, चऱ्होलीहून चिमाजीमामा आले. प्रत्येकाला पुस्तिका मिळाली, प्रत्येकाने ती आधी कपाळाला लावली. कीर्तनाला लक्ष्मणबुवा होते. त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता आणि गाडी पार्किंगला पार नदीकडे लागली होती.

"हरकत नाही," बुवा म्हणाले. "पान पहिलं काढा. धाकटे बंधू सांगतील, आपण सगळे मागून म्हणू. म्हणा, बाळासाहेब."

आता बाळूच्या वाचनाची एक खोड होती. तो एकेक अक्षर सुटं उचलायचा, आणि त्या अक्षरांचा मिळून अर्थ काय होतो हे त्याला वाक्य संपल्यावर, सगळ्यांच्या शेवटी कळायचं.

"घ-रा-त शि-र-णा-ऱ्या-ने," बाळू माइकवर म्हणाला, "आ-धी फा-सा टा-का-वा."

"आधी फासा टाकावा," दोनशे माणसं म्हणाली.

"वा," बुवा डोळे मिटून म्हणाले. "संसाराचा फासा आहे, माउली. पुढे."

"ते-रा-च्या खा-ली प-ड-ल्या-स आ-त्या-बा-ई दा-रा-त-च गा-ठ-ता-त."

"आत्याबाई दारातच गाठतात," बायांचा घोळका टाळीवर म्हणाला.

"आत्याबाई म्हणजे माया," बुवा म्हणाले. "माया दारातच गाठते. आत जाऊच देत नाही. पुढे."

मागच्या खुर्चीत तनुजाने पदर तोंडात धरला. अफताब बुटांच्या नाड्या बांधायला वाकला आणि वर येईना. बाळूला तेव्हाच थांबायचं सुचायला हवं होतं, पण तो पुढच्या ओळीत शिरला होता, आणि ओळ अर्धी सोडून बाहेर कसं यायचं हे त्याला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

"पु-त-ळा-बा-ई. मु-क्का-म दि-घी. ता-क-द चा-र. जी-भ वी-स."

"जीभ वीस," मांडव म्हणाला.

बुवांना माया दिघीला का राहते, ते लगेच सांगता येईना.

पुतळाबाई आत्या उठली. सावकाश चालत माइकपाशी आली.

"बाळ्या, काय म्हनला तू?"

"मी न्हाई आत्या, दादा म्हणतोय."

"माझी जीभ वीस?"

"वीसपैकी वीस, आत्याबाई," मागून तनुजा म्हणाली. "खेळात याच्यावर आकडाच नाही."

आत्याने विचार केला. मग हळूच, पण माइक चालू असताना विचारलं, "प्रभावतीची किती?"

प्रभावती म्हणजे बाळूची आई, आत्याची भावजय. बाळूने पान उलटलं. "अठरा."

"हां," आत्या म्हणाली आणि पदर सावरून जागेवर जाऊन बसली. वीस वर्षांचा एक वाद मिटला होता.

पण तोवर दोनशे पुस्तिका भराभर उघडल्या होत्या. प्रत्येक जण स्वतःला शोधत होता. कोणीतरी मोठ्याने वाचलं, 'प्रभावती. नेलेली वाटी परत न केल्यास शाप. उपाय नाही.' ऐकून तीन शेजारणी खाली बघू लागल्या. 'तात्याबा. झोपलेला दिसतो. झोपलेला नसतो.' एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि मांडवभर गेलं. बाळूच्या डोक्यात सणक गेली. माझ्या भावाच्या श्राद्धाला हसतात. तो शर्टाच्या बाह्या सरसावून निघालाच होता, तर चिमाजीमामांनी वाटेत गाठला.

"मी कुठाय?"

"म्हणजे?"

"सगळं पुस्तक चाळलं. मी न्हाई, तुझी मामी न्हाई, चऱ्होलीचं नाव न्हाई. लहानपणी खांद्यावर बसवून फिरवला मी त्याला. यवढीशी पुस्तिका काढायची तर पुरी काढायची."

"भावकीतलं एक माणूस न्हाई," मागून कोणी बोललं. "घरातल्याच घरात उरकलंय."

"तेच बरंय," ज्यांची नावं होती ते म्हणाले. "समदा गाव घेतला असता तर आमच्या वाट्याला दोन ओळी आल्या असत्या."

"दोन तर दोन. आलं तर असतं नाव."

"मी हेच म्हणत होतो," अफताब आता ताठ उभा राहून म्हणाला. "व्यापक करा, व्यापक करा."

"आणि मग तुमची जीभ वीस आहे हे लिहायला जागा उरली असती का?" तनुजा आत्याकडे वळून म्हणाली.

"न्हाई, त्ये बराबर हाय," आत्या म्हणाली.

मांडवात सरळ दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, पुरवणी सगळ्या मुलखाची हवी. दुसऱ्याचं म्हणणं, एका घराचीच, पण नीट. बुंदी वाढणारे बादल्या हातात धरून ऐकत उभे राहिले. आणि दोन्ही बाजूंनी तोंडभर नाव घेतलं जात होतं. 'ज्ञानेशने असं करायला नको होतं.' 'ज्ञानेशने केलं तेच बरोबर.' 'ज्ञानेश असता तर विचारलं असतं.' ज्ञानेश, ज्ञानेश. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तीही म्हणाली, "माझ्या ज्ञानेशला वाट्यांचं कोनी सांगितलं?"

भांडायला निघालेल्या बाळूला कोणाशी भांडावं ते कळेना. बाह्या तशाच वर राहिल्या.

"भावजी," अनितावहिनी शेजारी येऊन म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम. "शेवटचं पान बघितलं का?"

बाळूने काढलं. वहिनीनेच वाचून दाखवलं, नाहीतर बुंदी संपली असती. "बाळू. ताकद अठरा. अक्कल तीन. न वाचता भांडतो. याला सोबत घ्यावा. फासा कसाही पडला, तरी हा आपल्यापुढे उभा राहतो. मागे हो म्हटलं तरी ऐकत नाही."

बाळूने पानावरून बोट फिरवलं. ळ होता, दोन वाटाण्यांचा. मग जे काही वाटलं, ते त्याने नेहमीच्या रस्त्याने, रागावून, बाहेर काढलं.

"तीन? वीसपैकी तीन? निदान पाच तरी द्यायची. तनुताई, पुढच्या छपाईला एवढं बदला."

"एक काना-मात्रा बदलायची नाही, तूच म्हणालास."

कोपऱ्यातल्या खुर्चीत तात्याबा इतका वेळ डोळे मिटून होते. त्यांनी हात पुढे केला. बाळूने पुस्तिका दिली. त्यांनी चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"तीन न्हाई रं," तात्याबा म्हणाले. वर्षातलं पहिलं अख्खं वाक्य ते. "नीट बघ. आधी दोन लिवलं व्हतं. मागनं खाली शेपूट वडून त्याचं तीन केलंय." त्यांनी पुस्तिका परत दिली. "भाऊ म्हनून एक वाढवून दिलाय."