दोन्ही अवंतिका एकच असल्याबाबत

हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या रत्नाकर देवपुजारी यांच्या मुलीला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत ७२० पैकी ६७१ गुण मिळाले आणि बारावीच्या बोर्डात ५०.६७ टक्के. पहिल्या आकड्याचे पेढे वाटून झाले होते, दुसरा आकडा घरात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. नियमाप्रमाणे बोर्डात पन्नास टक्के लागतात. म्हणजे अवंतिका नियमात बसत होती, थोडी जागा उरवूनच बसत होती, आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. नियमात न बसणाऱ्याला एकदाच नाही म्हणून घरी धाडता येतं. बसणाऱ्याला मात्र पुन्हापुन्हा बोलवावं लागतं.

मार्क कमी का पडले, हे अवंतिकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दोन वर्षं तिने चार पर्यायांतला एक गोल काळा करण्याचा सराव केला. त्यामुळे बोर्डाच्या पेपरात 'हृदयाचे कार्य सविस्तर लिहा' या पाच मार्कांच्या प्रश्नाखाली तिने 'रक्त शरीरभर ढकलणे' एवढं लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.

"खोटं लिहिलं का मी?" ती म्हणाली. "हृदय अजून काय करून राहिलं, तुम्हीच सांगा बाबा."

"आकृती तरी काढायची होती न," रत्नाकरराव म्हणाले.

राइट टाउनातल्या कागदपत्र-तपासणी केंद्रात तेरा नंबरच्या खिडकीमागे पटेरियाबाबू बसत. माणूस सज्जन होता, कोणावर खेकसत नसे, फक्त काम होऊ देत नसे. त्यांनी दोन्ही गुणपत्रिका शेजारी-शेजारी मांडल्या आणि बराच वेळ पाहिल्या.

"देखिए भाईसाहब, ये लड़की होशियार है," डाव्या कागदावर बोट ठेवत ते म्हणाले, "और ये नहीं है. सीट एक है. किसको दें?"

"दोनों एक ही है जी. ये सामने खड़ी है."

"खड़ी तो एक ही है. काग़ज़ दो हैं."

मागे कुठेतरी तोतये बसवून परीक्षा देणारे सापडले होते. तेव्हापासून केंद्रात 'विसंगती कक्ष' स्थापन झाला होता आणि पटेरियाबाबू त्याचे प्रभारी होते. ज्यांनी खरोखरच तोतया बसवला, त्यांचे कागद या कक्षाकडे कधी आले नाहीत. कागद जुळवून देणं हा त्या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग. विसंगती सापडते ती फक्त खऱ्या माणसांत, आणि कक्षाला तर काहीतरी सापडायलाच हवं होतं.

दोघी एकच असल्याचं शपथपत्र आणा, असं ठरलं. कचेरीबाहेरच्या नोटरीकडे छापील मसुदा तयारच होता. नावात फरक असला की तो लागतो: वर एक नाव, खाली दुसरं नाव आणि शेवटी ही एकच व्यक्ती असल्याची शपथ. इथे नाव दोन्हीकडे सारखंच होतं. नोटरीने पेन कानामागून काढलं आणि फरक कंसात दाखवला: अवंतिका (होशियार) उर्फ अवंतिका (मंदबुद्धि). रत्नाकररावांनी हात जोडले, तेव्हा त्याने दुसऱ्या कंसातला शब्द खोडून तिथे 'साधारण' लिहिलं. खोडलेल्या शब्दाखाली अवंतिकाला सही करावी लागली. तिने ती केली, आणि ऑटोत बसल्यावर शपथपत्र उलटं करून मांडीवर ठेवलं.

शपथपत्र पाहून पटेरियाबाबूंना समाधान वाटलं. "बढ़िया. अब आपने ख़ुद लिखकर दे दिया कि दो थीं," ते म्हणाले. "अब मोहल्ले से पूछना पड़ेगा कि घर में कौन-सी रहती है."

चौकशीला आलेला माणूस भय्यासाहेब खानवलकरांच्या व्हरांड्यात बसला. भय्यासाहेब मराठी मंडळाचे अध्यक्ष. तीनच आठवड्यांपूर्वी त्यांनी अवंतिकाला शाल-श्रीफळ देऊन 'समाजाचं भूषण' म्हटलं होतं आणि आपल्या भाषणाला आपणच आधी टाळी वाजवली होती. पण ते भाषण होतं, हा जबाब होता.

"लहानपणापासून पाहून राहिलो न," भय्यासाहेब सावधपणे म्हणाले. "पोरगी गुणी आहे. हुशारीचं म्हणाल, तर दहावीला आमच्या सौमित्रपेक्षा दोन मार्क कमीच होते तिला. मी काही म्हणून नाही राहिलो. फक्त होते."

त्यांच्या पत्नी विनताकाकूंनी आतून भर घातली, "मन लावून अभ्यास करते बापा. पण भाजी आणायला पाठवली तर कोथिंबीर विसरते."

अहवालात नोंद झाली: 'हुशारी व मंदपणा, दोहोंस स्थानिक साक्षीदार उपलब्ध.'

आता एकच मार्ग उरला होता आणि त्याचं नाव होतं 'नमुना क'. कुटुंबप्रमुखाने त्यावर एका वाक्याखाली सही करायची होती: 'सदर विद्यार्थिनी डॉक्टर झाल्यावर मी स्वतः तिच्याकडून उपचार करून घेईन व परिणामांबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.' उद्या संध्याकाळी पाचच्या आत. नाहीतर सीट पुढच्या उमेदवाराला.

"बाप से ज़्यादा कौन जानेगा कि लड़की कौन-सी है," पटेरियाबाबू म्हणाले. त्यात त्यांचा खरोखरच काही वाईट हेतू नव्हता.

घरी अवंतिकाच्या आई अनसूयाबाईंनी फॉर्म वाचलाही नाही. "आणा इकडे, मी करते सही. काहून एवढा विचार करून राहिले?" पण फॉर्मला कुटुंबप्रमुख हवा होता, आणि त्याच्या मते आई ही कुटुंबात राहणारी एक व्यक्ती होती.

रत्नाकररावांची संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात एकतीस वर्षं झाली होती. तिथे त्यांनी हजारो कागदांवर सह्या केल्या, आणि प्रत्येक सहीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं, 'पुढील पडताळणीच्या अधीन'. त्या तीन शब्दांनी त्यांना दोन चौकशांतून सुखरूप बाहेर काढलं होतं. ज्यांनी नुसत्याच सह्या केल्या, ते निवृत्तीनंतरही पत्रांना उत्तरं देत होते. सवय इतकी मुरली होती की विवाह नोंदणीच्या रजिस्टरवरही अनसूयाबाईंच्या नावासमोर ते तीन शब्द आहेत.

फॉर्म त्यांनी तीनदा वाचला. अवंतिकाच्या हुशारीबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. दोन वर्षं पहाटे उठून त्यांनीच तिला चहा करून दिला होता, तिचं एकेक उत्तर उत्तरसूचीशी ताडून पाहिलं होतं आणि तिला झोप लागली की पुस्तकात खूण घालून ठेवली होती. ही मुलगी डॉक्टर व्हावी याहून दुसरी कुठलीही इच्छा त्यांना आयुष्यात उरली नव्हती. पण हे लेखी होतं. त्यांनी सही केली, घडी घातली, पाकिटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला खिडकीपाशी पटेरियाबाबूंनी फॉर्म उलगडला आणि चष्मा नाकावर खाली घेतला.

"दस्तख़त के ऊपर ये क्या लिखा है?"

रत्नाकररावांनी वाकून पाहिलं. त्यांना स्वतःलाच ते आधी दिसलं नव्हतं.

"आदत है जी. काट देता हूँ."

"काट-छाँट मान्य नहीं है. नया फ़ॉर्म तीन कार्यदिवस में मिलता है." पटेरियाबाबूंचा आवाज खरोखर हळवा झाला होता. "जब पिताजी ही पड़ताल के अधीन मानते हैं, तो हम कौन होते हैं?"

रत्नाकरराव आयुष्यात कधी बोलले नव्हते तेवढं त्या दहा मिनिटांत बोलले. एकतीस वर्षांचे दाखले दिले, ती सवय कशी लागली ते सांगितलं, शेवटी गयावया केली. अवंतिका काउंटरला टेकून फॉर्म वाचत होती. वाचून झाल्यावर तिने तो नीट घडी करून वडिलांच्या हातात दिला.

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "दोघींतून तुम्ही कोणाचे बाबा आहात?"

पाच वाजता खिडकी बंद झाली. सीट पुढच्या उमेदवाराला गेली. मधले बरेच जण विसंगती कक्षातच अडकलेले असल्यामुळे हा पुढचा उमेदवार पुष्कळ खालचा निघाला. बोर्डात काठावर, प्रवेश परीक्षेतही काठावर, दोन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळणारे. पटेरियाबाबूंनी त्याची फाइल पाच मिनिटांत हातावेगळी केली आणि समाधानाने चहा मागवला.

सहा-सात वर्षांत तो मुलगा दवाखाना उघडेल. मग आपण आपली छाती घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसू, शर्टाची बटणं काढू आणि श्वास आत घ्या म्हणाला की घेऊ. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर फ्रेम असेल, फ्रेममध्ये गोल शिक्का असेल. काय लिहिलंय ते आपण वाचणार नाही. शिक्का दिसला, की निम्मं दुखणं तिथेच पळेल. समोरच्या गल्लीत कोणी दुसरी डॉक्टरीण आहे का, असं कोणी विचारलंच, तर आपण आवाज खाली आणून म्हणू, हो, आहे म्हणे कोणी, पुढे दुसरीकडून शिकून आलेली, पण बोर्डात मार्क फार कमी होते हो तिला.