कॉम्प्युटरचं घर बांधणारे तांडेलकाका

डहाणूच्या तांडेलकाकांनी मला वाचवलं, हे आधी सांगते. कशातून, ते मागाहून. नाहीतर बोलण्याच्या नादात मुख्य तेच राहून जायचं.

काका कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पण यंत्राला हात लावायच्या आधी त्याच्यापुढे उदबत्ती पेटवतात. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. काकांनी मान वळवून बघितलं.

"बाय, पूजा नाय करत. धूर कुठं जातो ते बघतो. धूर आत ओढला तर वारा आत जातो. नाय ओढला, तर आतलं सगळं गुदमरतंय."

धूर सरळ वर गेला.

माझं माहेर-सासर दोन्ही जतकडे. सातवीत शाळा सुटली. नवरा अच्छाडला हायवेवर ट्रकचे टायर बघतो, म्हणून मी एवढ्या लांब आले. तीन महिन्यांचा क्लास केला आणि तलासरीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, तेही जुन्या कॉम्प्युटरवर. त्या यंत्राची मला फार धास्ती. हायवेची धूळ बसेल, उंदीर शिरेल, कुणाचा पाय लागेल. म्हणून मी ते लाकडी पेटीत बसवलं, वर मखमली कापड घातलं, हळदीकुंकू लावलं. झाला देव्हारा. आणि देव रोज दुपारी बाराला डोळे मिटायचा.

पाड्यावरची सोनीबाई मुलीच्या वसतिगृहाच्या फॉर्मसाठी सलग तीन दिवस रोज चालत आली. तिन्ही दिवस फॉर्म अर्ध्यात असताना पडदा काळा. "तुझा कॉम्प्युटर पण दुपारचा झोपतो काय गं?" असं म्हणून ती हसली, मला मात्र रडू येत होतं. तिच्या फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली होती. एका दुरुस्तीवाल्याने आधीच सांगितलं होतं, "नवीनच घ्या." नवरा म्हणाला, "पुरे झालं. महिनाअखेर दुकान बंद कर आणि गावी जा." गावी जाऊन लोकांना काय सांगणार होते मी?

अशात कुणीतरी काकांना पाठवलं. त्यांनी मखमल दोन बोटांत धरून उचलली. "थंडी वाजते याला?"

"काका, तेवढा डबा साफ करून द्या," मी म्हटलं.

"डबा तुझ्या नवऱ्याच्या जेवणाचा. हे घर आहे. घर म्हण."

मग अर्धा तास मी भाषण ऐकलं. काका मच्छीमारांच्या घरातले, पण त्यांना बोट लागते. किनारा सुटला की उलट्या. त्यामुळे भाऊ समुद्रावर गेले आणि काका किनाऱ्यावर बर्फाच्या पेट्या बनवत राहिले. "मासा थंड ठेवायचा तर वारा बंद. यंत्र थंड ठेवायचं तर वारा चालू. डोकं तेच, फक्त उलटं लावायचं." माझ्या कॅबिनेटचं, म्हणजे त्या डब्याचं, वारा घ्यायचं तोंड खाली, जमिनीलगत होतं. ते दाखवून म्हणाले, "ज्याने हे घर बांधलं ना, त्याने अच्छाडला उभ्याने कधी चहा प्यायला नाय. धूळ कुठून येते ते त्याला काय ठाऊक!"

यंत्र घेऊन गेले ते दुसऱ्या सकाळी एसटीने परत आले, मांडीवर पोर घ्यावं तसं ते घेऊन. बोटीच्या उरलेल्या निळ्या रंगाने रंगवलेलं. खाली वीतभर पाय, वारा घ्यायची जागा वर, तिच्यावर धुऊन परत लावता येईल अशी बारीक जाळी. आणि बाजूच्या पत्र्याला हाताने फिरतील असे मोठे स्क्रू.

"स्क्रू-ड्रायव्हर लागला तर तू कुणाची तरी वाट बघत बसशील," काका म्हणाले. "तुझं घर तुला उघडता आलं पाहिजे."

त्या दिवशी दीड वाजता सोनीबाईच्या फॉर्मची पावती निघाली. ती पावती तिने आधी उलटी, मग सुलटी बघितली आणि पोलक्यात ठेवली. नवऱ्याने गावी जायचं पुन्हा काढलं नाही. जाळी मी दर रविवारी धुते.

महिन्याभराने ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन मी डहाणूला काकांच्या घरी गेले. काकांबद्दल एक तक्रार सगळे करतात, दुरुस्तीला दिलेलं यंत्र आठ-आठ दिवस परत देत नाहीत, "अजून बघतो" म्हणतात. घरात पाच यंत्रं चालू होती. पडदा एकालाही जोडलेला नव्हता, नुसते पंखे घुमत होते. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो होता. आणि जगाला वारा शिकवणाऱ्या माणसाच्या खोलीच्या सगळ्या खिडक्या बंद.

"उघडू का एखादी?" मी विचारलं.

"नको. आवाज बाहेर जातो." मग भाकरी मोडत म्हणाले, "बिघाड काय त्यांच्यात आता नाय. चालू असले की घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

माझं यंत्र मात्र त्यांनी एका रात्रीत परत दिलं होतं.

काका, तुम्ही हे वाचणार नाही, पण लिहून ठेवते. माझ्या दुकानामागची खोली रिकामी आहे. आज नाही जमत, पण एक दिवस मी ती घेईन आणि तुमचं टेबल तिथे मांडीन. इथे दिवसभर ट्रक, रडणारी पोरं, सोनीबाईची बडबड. खिडक्या सताड उघड्या टाकल्या तरी आवाज कमी पडायचा नाही.